जवळच्या माणसाच्या तोंडून

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो म्हणून नोंदल्या गेलेल्या माणसांची संख्या सहा कोटी एकवीस लाख होती. म्हणजे देशातल्या दर शंभर माणसांत जवळपास एकोणीस. कॅलिफोर्नियात द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी तोडणारे, टेक्सासमध्ये घरं बांधणारे, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भांडी घासणारे यात आहेत. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांतले शिक्षक, वकील आणि नर्सही यात आहेत. या समाजाच्या कर्करोगाचे आकडे पहिल्यांदा पाहणारा माणूस बुचकळ्यात पडतो. एकूण कर्करोगाचं प्रमाण त्यांच्यात गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कमी आहे. तरीही गर्भाशयमुखाचा कर्करोग लॅटिना स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने जास्त आढळतो, आणि जठराचा व यकृताचा कर्करोग जवळपास दुप्पट. स्तनाचा कर्करोग त्यांच्यात कमी बायकांना होतो, पण निदान बहुधा उशिरा होतं. कर्करोगाने होणाऱ्या लॅटिना स्त्रियांच्या मृत्यूंत पहिला क्रमांक त्याचाच आहे.

गर्भाशयमुख, जठर आणि यकृत या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगांमागे मोठ्या प्रमाणावर संसर्ग असतो. पहिल्यामागे एचपीव्ही हा विषाणू, दुसऱ्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, तिसऱ्यामागे हिपॅटायटिस बी आणि सी. एचपीव्हीवरची लस अमेरिकेत २००६ मध्ये आली. पॅप चाचणी तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे; कर्करोग होण्याआधीच पेशींतला बदल ती दाखवते. जठरातला जिवाणू औषधाने जातो, हिपॅटायटिस बीला लस आहे, हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो. जे आजार वैद्यकाला अडवता येतात, त्याच आजारांत ही माणसं हकनाक जात आहेत. अडवण्याची साधनं आणि ही माणसं यांच्यात जे अंतर पडलं आहे, त्याविषयी हे पुस्तक आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी अमेरिकेत गेली तीस-चाळीस वर्षं एक प्रयत्न चालू आहे. लोकांची भाषा, श्रद्धा, घरातली नाती, लाजलज्जा आणि भीती ध्यानात घेऊन कर्करोगाविषयी लोकशिक्षण करायचं, असा तो प्रयत्न. त्याचे यश आणि अपयश दोन्ही पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. तत्पूर्वी, हा विषय कुठून सुरू होतो, त्यातल्या खाचाखोचा कोणत्या, आणि मराठी वाचकाचा त्याच्याशी काय संबंध, एवढं सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

पहिली अडचण ‘लॅटिनो’ या एका शब्दाखाली किती माणसं कोंबली जातात ही. प्वेर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांना स्थलांतरित म्हणणंच चूक. मियामीतला क्यूबन दुकानदार, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समधली डोमिनिकन आजी, लॉस एंजेलिसमधली एल साल्वाडोरची मोलकरीण आणि टेक्सासच्या सीमेवर चार पिढ्या राहिलेलं मेक्सिकन घर यांचा आहार, चर्च, राजकारण, कागदपत्रं आणि आजारांचा धोका वेगवेगळा आहे. स्पॅनिश सगळ्यांना येते असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड आणि सॅलिनासच्या शेतांत ओआहाकाहून आलेले मिश्तेक आणि त्रिकी मजूर मोठ्या संख्येने आहेत. ग्वाटेमालाहून आलेल्या अनेकांची मातृभाषा माम किंवा किचे आहे. मिश्तेक भाषेचा वापर मुख्यतः बोलण्यातला. तिथे सुबक छापलेलं स्पॅनिश पत्रकही कोरं राहतं. अशा मजुरांपर्यंत पोहोचायचं तर त्यांच्याच भाषेत बोलणारं माणूस लागतं, नाहीतर स्थानिक रेडिओ.

दुसरी अडचण समजुतींची. एलिसेओ पेरेझ-स्टेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका आरोग्य योजनेच्या सभासदांची पाहणी करून १९९२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे सगळे विमा असलेले लोक होते. तरीही त्यांच्यातल्या लॅटिनोंपैकी अनेकांना मुका मार लागल्याने कर्करोग होतो असं वाटत होतं. कर्करोग म्हणजे मरणाचीच चिठ्ठी, ती देवाने दिलेली शिक्षा, आपल्या हातात काही नाही, हे म्हणणाऱ्यांचं प्रमाणही इतरांपेक्षा अधिक होतं. मानववंशशास्त्रज्ञ लिओ चावेझ आणि त्यांच्या चमूने ऑरेंज काउंटीत मेक्सिको व एल साल्वाडोरहून आलेल्या बायकांशी बोलून हेच अधिक खोलात जाऊन पाहिलं. स्तनाला बसलेला मार, स्तनांची फार हाताळणी ही कारणं या बायका सांगत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संबंध त्या चारित्र्याशी आणि अस्वच्छतेशी लावत. त्याच भागातल्या डॉक्टरांची स्तनाच्या कर्करोगाच्या कारणांची यादी अगदी वेगळी होती: वय, घरातला इतिहास, अशी. एकाच तपासणीच्या खोलीत बसलेली ही दोन माणसं दोन वेगळ्या आजारांविषयी बोलत होती म्हटलं तरी चालेल.

आता माराचीच गोष्ट घ्या. छातीला मार लागला, दुखलं म्हणून बाईने हात लावून पाहिलं, आणि गाठ हाताला लागली. तिच्या लेखी मार आधी, गाठ नंतर. तिने कार्यकारण जोडलं यात वेडेपणा कुठे आहे? चांगली आरोग्यकार्यकर्ती या समजुतीला हसत नाही. ती सांगते, गाठ आधीपासूनच होती, मारामुळे तुझं लक्ष तिकडे गेलं, आणि लक्ष गेलं हे बरं झालं. आता दाखवून घेऊ. बाईचा अनुभव खोटा ठरत नाही आणि पुढची पायरीही चढली जाते. नुसतं ‘मार लागून कॅन्सर होत नाही’ हे वाक्य छापलेल्या पत्रकाला हे जमत नाही.

एचपीव्हीचा प्रश्न याहून नाजूक आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे सत्य सांगायलाच हवं. पण वीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या हातात चाचणीचा कागद पडतो आणि त्यावर हे लिहिलेलं असतं, तेव्हा तिच्या मनात पहिला प्रश्न कर्करोगाचा नसतो. नवऱ्याने काय केलं, हा असतो. नवऱ्याने कागद पाहिला तर त्याच्या मनात उलटा प्रश्न. या एका कागदावरून घरं मोडण्याची वेळ येऊ शकते, आणि त्या भीतीने पुढच्या तपासणीला न जाणाऱ्या बायका असतात. म्हणून हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, तो केव्हा आला हे बहुधा सांगता येत नाही, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि बहुतेकांचं शरीर तो आपोआप घालवतं, एवढं सगळं त्या सत्याबरोबरच सांगावं लागतं. अर्धं सत्य इथे अज्ञानापेक्षा जास्त नुकसान करतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की दोष या लोकांच्या समजुतींचा आहे, त्या काढून टाकल्या की झालं. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि या पुस्तकाचा मुख्य आग्रह त्याच्या विरुद्ध आहे. लॅटिनो लोक दैववादी म्हणून ते तपासणी करत नाहीत, असं अमेरिकेतल्या आरोग्य संशोधनात वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. आना अब्राइदो-लान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या लिखाणाची झाडाझडती घेतली आणि बजावलं की गरिबी, विमा नसणं आणि दवाखाना हाताशी नसणं यांचं खापर संस्कृतीवर फोडू नका. ज्याच्या खिशात उपचाराचे पैसे नाहीत त्याने ‘देवाची इच्छा’ म्हटलं, तर ते त्याचं तत्त्वज्ञान आहे की त्याच्या परिस्थितीचं वर्णन, हे तपासायला हवं.

परिस्थिती अशी आहे. अमेरिकेत लॅटिनोंमधलं विमा नसलेल्यांचं प्रमाण मोठ्या वांशिक गटांत कायम वरच्या टोकाला राहिलं आहे. १९९६ च्या कायद्याने रीतसर आलेल्या बहुतेक स्थलांतरितांनाही गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेसाठी पाच वर्षं थांबायला लावलं. २०१० च्या आरोग्य कायद्याने विम्याची जी बाजारपेठ उभी केली, तिच्यात कागदपत्रं नसलेल्यांना बहुतेक राज्यांत स्वतःच्या पैशानेसुद्धा विमा घेता येत नाही. त्यात रोजंदारी. तपासणीला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली, मुलांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळा, आणि बस दोन ठिकाणी बदलायची.

संस्कृतीला दोष देण्याची सवय कुठवर जाते, याचं एक उदाहरण प्रत्येक आरोग्य कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावं. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या बायकांची बाळंतपणात, सिझेरियनच्या वेळी, नसबंदी केली गेली. प्रसूतीच्या कळा चालू असताना त्यांच्यापुढे संमतिपत्रं ठेवली गेली, तीही इंग्रजीत. काहींना आपल्याला आता मूल होणार नाही हे फार उशिरा कळलं. दहा बायका न्यायालयात गेल्या. ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने हा खटला ओळखला जातो. १९७८ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. या बायकांच्या जीवनात मुलंबाळं असण्याला किती मोल आहे हे सांगायला एक मानववंशशास्त्रज्ञ साक्षीला उभा राहिला होता. न्यायाधीशांनी त्या साक्षीचाच उपयोग उलट केला: झालं ते संवादातल्या त्रुटीमुळे झालं, आणि बायकांना जे दुःख झालं ते त्यांच्या विशिष्ट सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे, असा सूर निकालात लागला. या लढ्यातून पुढे स्पॅनिश संमतिपत्रं आली, नियम कडक झाले. पण त्या शहरातल्या एखाद्या लॅटिना आजीने नातीला ‘त्या तपासणीच्या टेबलावर चढताना जपून’ असं सांगितलं, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

संस्कृती आड येते की दार बंद असतं, हे पारखायला एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. अमेरिकेत १९९४ पासून मुलांच्या लसींची एक सरकारी योजना चालते. विमा नसलेल्या मुलांना तिच्यातून लस फुकट मिळते आणि नागरिकत्वाचे कागद कुणी विचारत नाही. एचपीव्हीची लस त्यात आली. लैंगिक संबंधांशी जोडलेली, अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना द्यायची लस. कर्मठ कॅथलिक आईबाप ती नाकारतील असं भाकीत सहज करता आलं असतं. प्रत्यक्षात राष्ट्रीय पाहण्यांमध्ये लॅटिनो मुलामुलींनी ती घेण्याचं प्रमाण अनेक वर्षं गोऱ्या मुलांपेक्षा वरचढ राहिलं. दार उघडं होतं, पैसे लागत नव्हते, डॉक्टरने शिफारस केली. आईबाप मुलांना घेऊन गेले.

मग संस्कृती ध्यानात घेण्याची गरजच काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, आणि तिचं सर्वांत चांगलं उत्तर आहे प्रोमोतोरा. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच बाई, थोडं प्रशिक्षण घेतलेली, शेजारणींना आरोग्याविषयी सांगणारी. आपल्याकडच्या आशाताईंना जाणणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. लॅटिन अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. डेव्हिड वर्नर यांचं जगभर गेलेलं ‘जिथे डॉक्टर नाही’ हे पुस्तक मुळात स्पॅनिशमध्ये, मेक्सिकोच्या सिएरा माद्रे डोंगरातल्या अशाच गावकरी आरोग्यसेवकांसाठी लिहिलं गेलं होतं. स्थलांतरितांबरोबर ही परंपराही उत्तरेला आली.

टेक्सासमधलं एल पासो व ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं या तीन ठिकाणी ‘आमिगास’ नावाचा उपक्रम तपासून पाहिला गेला. तीन वर्षांत पॅप चाचणी न केलेल्या, मेक्सिकन वंशाच्या ६१३ स्त्रिया त्यात होत्या. प्रोमोतोरा घरी जाऊन एकेकीशी बोलायची. अशा भेटींचा क्रम पाहण्यासारखा असतो. बसल्याबसल्या कर्करोग काढला जात नाही. मुलंबाळं, काम, गावाकडची खबरबात हे आधी. मग फ्लिपचार्ट उघडतो. शरीराच्या चित्रात गर्भाशयमुख कुठे असतं हे दाखवलं जातं. चार बाळंतपणं झालेल्या बाईलाही ते कुणी कधी दाखवलेलं नसतं. चाचणीत नेमकं काय करतात, दुखतं का, पुरुष डॉक्टर असला तर काय, स्त्री डॉक्टर मागता येते का, हे तिथे विचारता येतं. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं: दवाखाना कुठला, खर्च किती, कुठली बस, मुलांना कोण सांभाळेल, नवऱ्याला काय सांगायचं. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे प्रोमोतोरा गेली नाही त्यांच्यातल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पुढे चाचणी करून घेतली. ज्यांना पूर्ण कार्यक्रम मिळाला त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांनी. प्रमाण दुपटीवर गेलं. तरीही जवळपास निम्म्या स्त्रिया राहिल्याच, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे, आणि या पुस्तकात ते झाकलेलं नाही.

दुसरी एक रीत कहाणीची. अर्कान्सामधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चर्चमध्ये कर्करोगातून वाचलेल्या बायका उभ्या राहून आपली हकीकत सांगत. त्या कार्यक्रमावरून लॅटिनांसाठी ‘एस्पेरान्झा इ विदा’ हा कार्यक्रम घडवला गेला आणि अर्कान्साबरोबर न्यूयॉर्क राज्यातही चालवला गेला. कॅन्सर म्हणजे मरण, या समजुतीला समोर धडधाकट उभी असलेली बाई हे उत्तर पुरतं. या कार्यक्रमात पुरुषांनाही बोलावलं जातं, हा त्यातला शहाणपणा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शीला मर्फी, लुर्देस बाएझकोंदे-गार्बानाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एक छोटा चित्रपट केला, ‘द तमाले लेसन’. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभासाठी घरातल्या बायका एकत्र बसून तमाले करत आहेत. मक्याच्या पानात पीठ भरता भरता एचपीव्ही आणि पॅप चाचणीचा विषय निघतो. तीच माहिती नेहमीच्या माहितीपटाच्या पद्धतीने सांगणारा दुसरा चित्रपटही केला गेला आणि दोन्हींचा परिणाम ताडून पाहिला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मेक्सिकन-अमेरिकन स्त्रियांवर कहाणीचा परिणाम विशेष झाला. तपासणीच्या बाबतीत त्या इतरांच्या मागे होत्या, ते अंतर भरून निघालं. ज्यांनी आयुष्यभर महत्त्वाच्या गोष्टी स्वयंपाक करता करता ऐकल्या, त्यांना ही गोष्टही तशीच पोहोचली.

तिसरी वाट लोक जिथे आधीच येतात तिथे जाण्याची. अमेरिकेतल्या मेक्सिकन वकिलातींमध्ये २००३ च्या सुमारास ‘व्हेंतानीया दे सालुद’, म्हणजे आरोग्य खिडकी, सुरू झाली. पासपोर्टसाठी किंवा ओळखपत्रासाठी ताटकळत बसलेल्या माणसाला तिथे तपासणीची माहिती मिळते आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता. जागा आपल्या देशाची, भाषा आपली, आणि इथे कुणी आपल्याला पकडणार नाही हा भरवसा.

कुटुंबाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि मराठी वाचकाला तो सर्वांत ओळखीचा वाटेल. लॉस एंजेलिसमध्ये आठशे वृद्धांची एक पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्करोग शरीरभर पसरला असेल तर ते रुग्णाला सांगावं का? युरोपीय वंशाच्या ८७ टक्के लोकांनी होकार दिला, मेक्सिकन वंशाच्या ६५ टक्क्यांनी, कोरियन वंशाच्या ४७ टक्क्यांनी. ‘आजोबांना काही बोलू नका, ते हाय खातील’, हे आपल्याकडच्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयाच्या व्हरांड्यात ऐकू येतं. अमेरिकन कायदा रुग्णाच्या स्वतःच्या निर्णयावर उभा आहे. ही घरं मात्र निर्णय एकत्र घेतात. यातून मार्ग काढणारे डॉक्टर आधी रुग्णालाच विचारतात: तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे, आणि ते कुणाच्या देखत? इतका साधा प्रश्न रुग्णाचा हक्कही राखतो आणि घराचा मानही. कुटुंब हा अडथळा आहे असं धरून चालणारे कार्यक्रम फसतात; लेकीने आईला तपासणीला न्यावं, बायकोने नवऱ्याला आतड्याच्या तपासणीसाठी राजी करावं, अशी आखणी करणारे पुढे जातात.

महाराष्ट्राशी या विषयाचं नातं माझ्या मते जुनं आणि सख्खं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं. गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी उभ्या केलेल्या आरोग्यसेवेचे जगभरातले नमुने त्यात होते. त्यातलं एक प्रकरण रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या जामखेडच्या प्रकल्पावर होतं, आणि दुसरं ग्वाटेमालातल्या चिमाल्तेनांगोवर. जामखेडची निरक्षर, दलित, परित्यक्ता बाई गावाची आरोग्यसेविका झाली आणि चिमाल्तेनांगोचा माया शेतकरी आपल्या गावाचा आरोग्यसेवक. दोन्ही एकाच पुस्तकाच्या पानांत. आज ग्वाटेमालातल्या माया गावांची माणसं अमेरिकेतल्या शेतांत आणि कारखान्यांत आहेत, आणि तिथल्या प्रोमोतोरा त्याच विचाराच्या वारसदार आहेत.

पुढेही हे नातं दिसतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झाला. एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाने वाचलं. आणि शेजारच्याच बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांची गर्भपिशवी काढली गेली होती. २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ही संख्या तेरा हजारांवर निघाली. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं यांतल्या अनेकींनी पत्रकारांना सांगितलं. एका जिल्ह्यात गावोगाव पोहोचलेल्या तपासणीने बायका वाचवल्या. दुसऱ्या जिल्ह्यात कर्करोगाच्या नुसत्या भीतीवर त्यांचं शरीर कापलं गेलं. सहा महिने घर सोडून फडावर राहणारी, कंत्राटदाराच्या उचलीत अडकलेली ही बाई आणि कॅलिफोर्नियाच्या शेतात हंगामामागून हंगाम सरकणारी मिश्तेक बाई यांच्यात भाषेचं अंतर आहे, गरजेचं नाही.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात असं: कर्करोगाची माहिती जवळच्या माणसाच्या तोंडून यावी, आणि त्या माहितीच्या मागे उघडं दार असावं. या दोन्हींतलं एक नसेल तर दुसरं लुळं पडतं. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून गरीब, विमा नसलेल्या स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी आणली. २००० मध्ये आणखी एक कायदा करून त्या तपासणीत कर्करोग सापडलेल्या स्त्रियांना मेडिकेडमधून उपचारांची वाट करून दिली. पण कागदपत्रं नसलेल्या बाईला बहुतेक राज्यांत ही दुसरी वाट बंद आहे. तिला गाठ आहे हे सांगायचं आणि उपचाराचं विचारलं की गप्प बसायचं, ही शिक्षणाची विटंबना आहे. प्रोमोतोरांवर याचा भार सर्वांत जास्त पडतो. त्यांनीच शेजारणीला शब्द दिलेला असतो. पुन्हा त्यांचं मानधन तुटपुंजं, संशोधनाचं अनुदान संपलं की कामही संपतं. अनुदानावर चालणारा विश्वास वस्तीत टिकत नाही.

आणि सध्याचा काळ कठीण आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने रुग्णालयं, शाळा आणि चर्च यांच्या आवारात स्थलांतरितांवर कारवाई टाळण्याचं आधीचं धोरण रद्द केलं. मार्चमध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणाऱ्या आदेशाने, इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा भाषेत मिळावी यासाठीचा २००० सालचा आदेशही मागे घेतला. ज्या चर्चमध्ये एस्पेरान्झाची बाई उभी राहायची, ज्या दवाखान्याचा पत्ता आमिगासची प्रोमोतोरा द्यायची, त्या जागांचाच भरवसा डळमळीत झाला आहे. तीस-चाळीस वर्षं कष्टाने जोडलेला विश्वास एका आदेशाने उसवता येतो. म्हणूनच या कामाची नोंद आत्ताच करून ठेवणं मला तातडीचं वाटतं.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात आजार आणि आकडे. दुसऱ्यात समजुती आणि त्यांच्यामागचा इतिहास. तिसऱ्यात प्रोमोतोरा, कहाणी, चर्च आणि रेडिओ यांचे प्रयोग. चौथ्यात कायदा, विमा आणि पैसा. शेवटच्या भागात महाराष्ट्रात यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये. क्रमाने वाचलं तर उत्तम, पण आशाताईंनी आणि परिचारिकांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत, औषधांच्या दुकानांत आणि प्रयोगशाळांत काम करणारी मराठी माणसं आज पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोर हा समाज रोज येऊन बसतो. त्यांना माझी विनंती आहे की घाई असली तरी दुभाष्याला बोलवा. दहा वर्षांच्या मुलाकडून त्याच्या आईच्या तपासणीचं भाषांतर करून घेऊ नका. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना विनंती, की भीती घालून बाईला टेबलावर आणू नका. आणि प्रत्येक वाचकाला एक सांगणं आहे. आपल्याकडे तिशीपुढच्या स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करण्याचा कार्यक्रम आहे. तुमच्या घरात स्वयंपाकाला येणाऱ्या, शेतावर येणाऱ्या, इमारत झाडणाऱ्या बाईला ते ठाऊक आहे का, विचारा. ठाऊक नसेल तर सांगा, त्या दिवसाचा पगार कापू नका, आणि एकटीला जायचा धीर होत नसेल तर तिच्याबरोबर जा.